चेहऱ्याची नस आणि वाकडं झालेलं तोंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. आधी नसेची माहिती, मग आजार, शेवटी अडचणीच्या गोष्टी. तोंड आजच वाकडं झालं असेल तर आधी प्रश्न 4 आणि 8 वाचा, बाकीचं नंतर.

1. चेहऱ्याची नस म्हणजे नेमकी कोणती? रक्ताची का?

नाही. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या दोरीलाही नसच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. इथे दुसरी नस अभिप्रेत आहे. मराठी पुस्तकांत तिला तंत्रिका म्हणतात, दवाखान्यात फेशियल नर्व्ह. मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा नसांच्या 12 जोड्या असतात, त्यांतली ही सातवी. उजव्या चेहऱ्याला एक, डाव्याला एक. तिच्यात साधारण 10,000 तंतू असतात आणि त्यांतले सुमारे 7,000 चेहऱ्याचे स्नायू हलवण्याच्या कामाचे.

2. ती निघते कुठून आणि जाते कुठून?

सुरुवात मेंदूच्या देठातून, म्हणजे मानेच्या वर मेंदू जिथे निमुळता होतो तिथून. तिथून ती ऐकण्याच्या नसेच्या सोबतीने कानाच्या हाडात शिरते. पुढे हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून तिचा सुमारे 3 सेंटीमीटरचा प्रवास असतो. सोळाव्या शतकातल्या फॅलोपिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या बोगद्याला आहे. हाडाच्या आतून एवढा लांब प्रवास फार कमी नसांचा असतो.

बहुतेक दुखणी का होतात ते या बोगद्यातच कळतं. त्याचं सुरुवातीचं तोंड सुमारे 0.7 मिलिमीटर रुंद आहे. बोटाला सूज आली तर बोट जाड होतं, एवढंच. बोगद्यातल्या नसेला सूज आली तर तिला जाड व्हायला जागाच नसते. ती हाडावर दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा घटतो आणि निरोप अडतो.

बोगद्यात ती आधी मधल्या कानाच्या भिंतीलगत आडवी जाते, मग कानामागच्या हाडातून खाली उतरते आणि कानाच्या पाळीखाली बाहेर पडते. तिथून ती गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि तिच्या पाच फांद्या होतात: कपाळाकडे, डोळ्याकडे, गालाकडे, खालच्या ओठाकडे आणि मानेकडे. गंमत म्हणजे ज्या लाळग्रंथीच्या पोटातून ती जाते तिला लाळ सोडायचा हुकूम ही नस देत नाही, तो नवव्या नसेकडून येतो.

3. तोंड हलवण्याशिवाय तिची अजून कामं काय?

चार महत्त्वाची. डोळ्यातलं पाणी तयार करणं. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूला कळवणं. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथी चालवणं. आणि कानातल्या एका इवल्याशा स्नायूला ताण देणं, म्हणजे मोठा आवाज थोडा दबून आत जातो. हा स्नायू शरीरातल्या हाडाला जोडलेल्या स्नायूंत सगळ्यात लहान आहे.

यातली कुठली कामं बंद पडली त्यावरून नस कुठे अडली याचा अंदाज बांधता येतो. फक्त तोंड वाकडं, चव आणि आवाज ठीक, तर गडबड बहुधा कानाच्या हाडाबाहेर. चवही गेली आणि ताटावर पळी आपटली तरी कानात ठणकतं, तर गडबड बोगद्यात. डोळाही कोरडा पडला तर आणखी वर.

गालाला हात लावलेला कळणं हे मात्र तिचं काम नाही, ते पाचव्या नसेचं. त्यामुळे तोंड पूर्ण वाकडं असूनही गाल बधिर नसतो. ‘गाल जड वाटतो’ असं बरेच जण सांगतात, पण टाचणी टोचली तर दोन्ही बाजूंना सारखीच लागते. खरोखर बधिर असेल तर प्रश्न 14 पाहा.

4. आईचं तोंड सकाळी उठल्यावर वाकडं झालंय. कुणी लकवा म्हणायलेत, कुणी वारं लागलं म्हणायलेत. कसं ओळखायचं?

आईला उजेडात बसवा आणि या क्रमाने करायला सांगा.

भुवया वर उचलून कपाळाला आठ्या पाडायच्या. डोळे गच्च मिटायचे. दात दाखवायचे. दोन्ही हात समोर सरळ धरून, डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं. शेवटी एक पूर्ण वाक्य बोलायचं, नाव आणि गाव सांगितलं तरी चालेल.

एका बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही, त्याच बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड ओढलेलं आहे, पण हात खाली घसरत नाही आणि बोलण्यात शब्द सापडतात: हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दोन्हीकडे आठ्या नीट पडतात, पण तोंडाचा खालचा भाग ओढलेला आहे, किंवा हात-पाय लुळा पडलाय, जीभ जड झालीय, शब्द चुकतायत: हा मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, समजायचा. 108 ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून ती वेळ आठवून ठेवा. झोपेतून उठल्यावरच लक्षात आलं असेल तर रात्री झोपतानाची वेळ सांगा. कागदावर लिहून दिली तर उत्तम.

शंका असेल तर झटकाच समजून निघा. फेरी वाया गेली तर गेली.

5. मेंदूच्या झटक्यात कपाळ कसं काय वाचतं?

चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम मिळतात, खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्ध्याकडून. मेंदूचा एक अर्धा बिघडला तरी दुसरा कपाळ सांभाळून नेतो. नसच अडली तर दोन्हींचे हुकूम त्याच वाटेवर अडकतात आणि अख्खी बाजू जाते. आणखी एक फरक दिसतो: झटक्यात ‘हसा’ म्हटलं की तोंड वाकडं होतं, पण नातवाला बघून आपसूक आलेलं हसू बऱ्यापैकी सरळ येऊ शकतं, कारण त्याची मेंदूतली वाट वेगळी आहे.

पण याला एक अपवाद आहे आणि तो धोक्याचा आहे: मेंदूच्या देठातच छोटा झटका आला तर कपाळही जातं. सोबत एकाची दोन दिसणं, चक्कर, चालताना झोक जाणं किंवा विरुद्ध बाजूच्या हाता-पायात कमजोरी असते. म्हणून ‘कपाळ गेलंय ना, मग काळजी नाही’ असं धरून बसू नका.

6. तोंड डावीकडं गेलंय. म्हणजे दुखणं डाव्या बाजूचं का?

उलट आहे. डावी बाजू चांगली आहे, ती ओढते म्हणून तोंड तिकडे जातं. लुळी पडलीय ती उजवी. औषध डोळ्यात घालताना ही चूक बऱ्याचदा होते. जो डोळा मिटत नाही ती आजारी बाजू, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

7. बेल्स पाल्सी म्हणतात ते काय? गार वारं, कूलर यानं होतं का?

नस अचानक, दोन-तीन दिवसांत कमजोर पडते आणि दुसरं कारण सापडत नाही, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने 1821 मध्ये चेहऱ्याच्या नसांवर लिहिलं, त्यावरून हे नाव. दर वर्षी एक लाख लोकांत साधारण 20 ते 30 जणांना होते. नसेत दडून बसलेला नागिणीच्या किंवा तापात ओठावर येणाऱ्या फोडांच्या जातीचा विषाणू जागा होऊन सूज येते, हा आजचा सगळ्यात मान्य अंदाज आहे. मधुमेह असलेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जास्त दिसते.

वारं थेट कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्धं गाव गच्चीवर झोपतं, उरलेलं कूलरसमोर. त्यातल्या एखाद्याचंच तोंड वाकडं होतं आणि दोष वाऱ्याला जातो. कूलर तोंडावर घेऊ नका हे ठीक, पण ‘वारंच आहे, निघून जाईल’ म्हणून तीन दिवस घरी काढणं हे खरं नुकसान. कारण पुढच्याच परिच्छेदात.

औषध स्टिरॉइड. पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर फायदा सर्वात जास्त. प्रौढांना साधारणपणे प्रेडनिसोलोन रोज 50 मिलिग्रॅम 10 दिवस, किंवा 60 मिलिग्रॅम 5 दिवस आणि मग रोज 10 मिलिग्रॅमने कमी करत बंद, असं देतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीत, या औषधाने 9 महिन्यांनी सुमारे 94 टक्के लोकांचा चेहरा पूर्ण बरा होता, न घेणाऱ्यांत सुमारे 82 टक्के. विषाणूवरचं औषध एकटं दिलं तर उपयोग नाही. नस फारच गेली असेल तर काही डॉक्टर ते स्टिरॉइडच्या जोडीला देतात.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. स्टिरॉइडने साखर चढते, पोटाचा अल्सर चिघळतो आणि लपलेला क्षयरोग उसळू शकतो. मधुमेह आहे म्हणून औषध टाळायचं असंही नाही, पण त्या दिवसांत साखर रोज तपासायची आणि गरज पडली तर मधुमेहाचं औषध डॉक्टरांकडून वाढवून घ्यायचं. गोळी सकाळी, भाकरी खाऊन. रात्री घेतली तर झोप उडते.

8. डोळा मिटंना गेलाय. काय करायचं?

सगळ्या पानातलं सर्वात महत्त्वाचं उत्तर हे. तोंड बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सरळ होईल. बुबुळावर जखम होऊन पांढरा डाग पडला तर तो राहतो.

डोळा उघडतो तिसऱ्या नसेने आणि मिटतो सातव्या नसेने. सातवी गेली की उघडणारा स्नायू तेवढा उरतो, म्हणून डोळा सताड उघडा. मिटायला गेलं की बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसतं. ही शरीराची स्वतःची राखण आहे, घाबरू नका. ज्याचं बुबुळ वर जात नाही त्याच्या डोळ्याला मात्र जास्त धोका.

दिवसा: कृत्रिम अश्रूंचे थेंब दर एक-दोन तासांनी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत ‘दिवसातून तीनदा’ पुरत नाहीत. बाहेर बाजूनेही झाकणारा साधा चष्मा. तूर-हरभऱ्याची मळणी चालू असेल तर यंत्राजवळ उभंच राहू नका. भुशाचा एक कण आणि न मिटणारा डोळा, एवढ्यावर बुबुळाला जखम होते.

रात्री: खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं डोळ्याचं वंगण-मलम घाला. स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली आणून डोळा पूर्ण बंद करा. मग कागदी चिकटपट्टीचा बोटाएवढा तुकडा वरच्या पापणीवरून गालाच्या हाडाकडे तिरपा लावा. आरशात बघा: फट दिसत असेल तर काढून पुन्हा लावा. पापणीला तेल किंवा घाम असेल तर पट्टी मध्यरात्री सुटते, म्हणून आधी पुसून कोरडी करा. कापसाची घडी ठेवून वरून पट्टी बांधू नका. घडीखाली डोळा उघडतो आणि कापूस बुबुळावर घासत राहतो.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. गुलाबजल, मध, तूप, अंगावरचं दूध, काहीही डोळ्यात घालू नका.

9. डोळा कोरडा पडतो म्हणता, पण आमच्या डोळ्यातून तर सारखं पाणी गळतं?

खालची पापणी सैल पडून बाहेर लोंबते, त्यामुळे पाणी नाकाकडच्या बारीक नळीत जाण्याऐवजी गालावर येतं. मधला भाग कोरडाच असतो. थेंब चालूच ठेवा.

10. जेवताना घास गालात अडकतो, पाणी सांडतं.

गालाचा स्नायू घास दातांखाली ढकलतो, तोच सैल पडलाय. भाकरी वरणात नाहीतर दुधात कुस्करून घ्या, लहान घास चांगल्या बाजूला ठेवा, पाणी चमच्याने. जेवण झाल्यावर आजारी बाजूच्या गालात बोट फिरवून अन्न काढा आणि चूळ भरा, नाहीतर दात किडतात. तंबाखूची गोळी त्या गालात धरणारे बरेच भेटतात. आता ती दिवसभर तिथेच बसून राहील आणि कळणारही नाही.

11. किती दिवसांत बरं होतं? शेजारच्याचं पंधरा दिवसांत झालं, आमचं का नाही?

नसेला नुसता दाब बसला असेल तर दोन-तीन आठवड्यांत हालचाल परतू लागते. आतले तंतू मेले असतील तर ते मुळापासून पुन्हा वाढावे लागतात आणि वाढीचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर. कानातल्या बोगद्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत 10-12 सेंटीमीटर धरा, म्हणजे तीन ते चार महिने. शेजारच्याच्या आणि तुमच्या आजाराचं नाव एक असलं तरी इजा वेगळी आहे.

काहीच औषध न घेताही दहातले सात-आठ जण पूर्ण बरे होतात. सगळ्या जडीबुटीवाल्यांचा धंदा या सात-आठ जणांवर चालतो.

चार महिने झाले आणि तसूभर हालचाल नाही, तर ती बेल्स पाल्सी नाही असं समजून एमआरआयसह पुन्हा तपासणी व्हायला हवी.

12. करंट लावावा का? फुगे फुगवावेत का? गावात डागणी देतात, कबुतराचं रक्त चोळतात, त्याचं काय?

डागणी आणि रक्त: नाही. डागल्याने गालावर कायमचा व्रण राहतो, नसेला काही मिळत नाही. न मिटणाऱ्या डोळ्याशेजारी रक्त चोळणं म्हणजे जंतुसंसर्गाला आवतण.

करंटचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. फुगे आणि दिवसभर च्युइंगगम हेही नको. जोर लावला की चांगली बाजूच ओढते आणि सगळा चेहरा एकदम हलायची सवय लागते (प्रश्न 17). चांगला व्यायाम कंटाळवाणा असतो: आरशासमोर, हळू, एका वेळी एकच हालचाल, चांगली बाजू बोटाने दाबून धरून. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पहिल्या दिवसांत हालचाल शून्य असेल तर हलका मसाज आणि डोळ्याची काळजी पुरे.

13. कानात फोड आलेत आणि तोंडही वाकडं झालंय. किंवा कान जुना वाहतोय.

दोन्ही वेगळी आणि दोन्ही घाईची. कानाच्या पाळीत, भोकात किंवा टाळूवर पाण्याचे फोड, जबर ठणका, कधी चक्कर आणि ऐकू कमी येणं: ही कानातली नागीण. रॅमसे हंट या डॉक्टरने 1907 मध्ये तिचं वर्णन केलं. इथे स्टिरॉइडसोबत विषाणूवरचं औषध लागतंच आणि पूर्ण बरं होण्याचं प्रमाण बेल्स पाल्सीपेक्षा कमी. फोड कधी तोंड वाकडं झाल्यावर दोन-चार दिवसांनी येतात, म्हणून कान रोज बघा.

वर्षानुवर्षं घाण वास येऊन वाहणारा कान असेल, तर आत हाड खाणारी गाठ वाढून तिने नसेचा बोगदा उघडा केलेला असू शकतो. त्याला ऑपरेशन लागतं, नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. मधुमेही वयस्कर माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका दुखत असेल आणि तोंड वाकडं होऊ लागलं, तर हाडापर्यंत गेलेला संसर्ग समजून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

14. गालावर फिकट चट्टा आहे, तिथं कळत नाही, आणि डोळा अर्धवटच मिटतो.

कुष्ठरोग तपासून घ्या. त्यात सहसा नसेच्या डोळ्याकडच्या फांद्या आधी धरतात, म्हणून तोंड सरळ आणि पापणी ढिली असं दिसतं. चट्टा लाल होऊन सुजला तर नस झपाट्याने जाऊ शकते आणि तेव्हा स्टिरॉइड तातडीने लागतं. उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहेत. लाजेने लपवण्यात गेलेले महिने डोळ्याला महाग पडतात.

15. मोटारसायकलवरून पडल्यावर तोंड वाकडं झालं.

कानाचं हाड मोडलेलं असू शकतं. कानातून रक्त किंवा पाणी, कानामागे काळं-निळं, ही खूण. एक गोष्ट नक्की नोंदवून ठेवा: तोंड पडल्याबरोबर वाकडं झालं का दोन दिवसांनी? लगेच झालं असेल तर नस तुटलेली असण्याची शक्यता जास्त आणि ऑपरेशनचा विचार करावा लागतो. नंतर झालं असेल तर सूज, जी बहुधा औषधांवर उतरते. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत हे पुढे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सोबतच्यांनी पहिल्या तासात मोबाइलवर चेहऱ्याचा व्हिडिओ घेतला तर तो डॉक्टरांच्या फार कामाचा.

16. दाताचं इंजेक्शन दिलं आणि डोळाच मिटंना. डॉक्टरनं नस कापली का?

नाही. खालच्या दाढेसाठीची सुई जरा जास्त मागे गेली तर भुलीचं औषध लाळग्रंथीत उतरतं, आणि तिथेच नसेच्या फांद्या आहेत. भूल उतरली की काही तासांत डोळा मिटू लागतो. तोवर डोळा हाताने मिटून ठेवा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर दाखवा.

17. बरं झालं, पण आता हसलं की डोळा मिटतो, आणि जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं.

तंतू परत वाढताना वाट चुकले. तोंडाकडे जायचे ते डोळ्याकडे गेले, म्हणून हसण्याच्या हुकमाने पापणी मिटते. लाळेचे तंतू अश्रुग्रंथीला जाऊन मिळाले, म्हणून घास दिसला की डोळा पाणावतो. याला मगरीचे अश्रू असंच नाव आहे. आरशासमोरचा सावकाश व्यायाम आणि गरजेप्रमाणे बोट्युलिनम विषाची अगदी कमी मात्रेतली इंजेक्शनं यांनी बराच फरक पडतो. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं.

18. बाळ रडताना तोंड एकीकडं जातं. जन्मतःच आहे.

बाळ रडताना दोन्ही डोळे मिटतात का बघा. मिटत असतील, कपाळही हलत असेल आणि फक्त खालचा ओठ एका बाजूला ओढला जात असेल, तर बहुधा ओठ खाली ओढणारा एक छोटा स्नायूच जन्मतः कमी आहे. त्याचा त्रास नसतो, पण अशा काही बाळांत हृदयाचा दोष सापडतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून हृदय तपासून घ्या. डोळाही मिटत नसेल तर प्रसूतीतला दाब हे एक कारण. बाळांचं कानामागचं हाड वाढलेलं नसतं, नस अगदी कातडीखाली असते, चिमट्याच्या प्रसूतीत दाबली जाऊ शकते. असे बहुतेक दाब आपोआप सुटतात.

19. कोणत्या गोष्टी बेल्स पाल्सीत बसत नाहीत?

तीन आठवडे उलटले तरी कमजोरी वाढतच आहे. आधी महिनोन्महिने गाल फडफडत होता. कानाखाली गाठ लागते (लाळग्रंथीतली गाठ नस धरते तेव्हा ती कर्करोगाची असण्याची शंका घ्यावी लागते). दोन्ही बाजू एकदम गेल्या, त्यातही पायांतली ताकद जात असेल तर ताबडतोब रुग्णालय, कारण पुढे श्वास अडकू शकतो. किंवा नसेची एकच फांदी गेली, बाकी ठीक.

त्याच बाजूला पुन्हा झालं तरी एकदा स्कॅन हवा. बेल्स पाल्सी साधारण दहात एकाला कधीतरी पुन्हा होते, पण ‘मागच्या वेळी पण झालतं’ म्हणून तपासणी टाळू नका.

20. कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं?

पहिल्या दिवशी जवळचा एमबीबीएस डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालय पुरे. गोळ्या तिथेच सुरू होऊ शकतात, त्यासाठी शहर गाठेपर्यंत थांबू नका. प्रश्न 13, 15 किंवा 19 मधलं काही असेल तर कान-नाक-घसा आणि डोळे हे दोन्ही विभाग एका आवारात असलेली जागा बरी: संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडचं विष्णुपुरीतलं सरकारी रुग्णालय, लातूर आणि अंबाजोगाईची वैद्यकीय महाविद्यालयं. ऊसतोडीला बाहेर असाल तर तिथल्याच सरकारी दवाखान्यात दाखवा, हंगाम संपून गावी येईपर्यंत 72 तास कधीच गेलेले असतात.

सोबत न्या: आधी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, तोंड वाकडं झाल्याची तारीख-वेळ, आणि वर्षभरापूर्वीचा चेहरा स्पष्ट दिसणारा एक फोटो. आधार कार्डावरचा चालत नाही, त्यात कुणाचंच तोंड सरळ दिसत नाही.